मामा तलावाच्या पाळीवरून

धबधबे चालू असतात तेव्हा नॅशनल पार्कला कुलूप असतं. कुलूप उघडतं तेव्हा गाडीतून खाली पाय ठेवायची परवानगी नसते. मग तळी, धबधबे आणि दिवसभराची पायपीट, असं सगळं एका दिवसात कुठे मिळेल? आम्ही तुमसरला शोधलं. सापडलं... जवळजवळ!

ही सगळी भानगड एका स्लाइड शोपासून सुरू झाली. माझ्या रूममेटच्या टीममधला एक जण ऑनसाइटवरून परत आला आणि येताना क्रोएशियातल्या प्लिटविसे नॅशनल पार्कचे चारेकशे फोटो घेऊन आला. एकाखाली एक अशी सोळा तळी, वरच्यातलं पाणी खालच्यात उडी मारतंय आणि पाण्याच्या अगदी अंगावरून जाणारी लाकडी फळ्यांची पायवाट. 1979 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली जागा. शुक्रवारी दुपारी, स्टेटस मीटिंगनंतर, फुल एसीच्या कॉन्फरन्स रूममध्ये असले फोटो बघितले की माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. घरी येऊन बॅग फेकली आणि म्हणाली, "आपल्याकडे असं काही का नाही गं?"

"आहे की," मी म्हटलं. "माझ्या मामाच्या गावाला."

"कुठे?"

"तुमसर. भंडारा."

"भंडारा म्हणजे जेजुरीचा ना?"

पुण्यात चार वर्षं काढल्यावर हा प्रश्न मला नवा नाही. तर मंडळी, जेजुरीचा भंडारा वेगळा आणि आमचा भंडारा वेगळा. महाराष्ट्राच्या नकाशात उजवीकडे सरका. नागपूर ओलांडा. अजून सरका. आता मध्य प्रदेश लागणार असं वाटायला लागलं की तांदळाची एक मोठी बाजारपेठ लागते, ते तुमसर. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा पट्टा मिळून एकच भंडारा होता. शाळेच्या पुस्तकात त्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणायचे. आम्ही ते पाठ केलं, मार्क घेतले आणि नोकरीला पुण्यात निघून आलो. तलाव तिथेच राहिले.

रात्री मामाला फोन लावला. म्हटलं, मामा, मैत्रीण येतेय, नॅशनल पार्कात एक दिवसाचा ट्रेक करायचाय. पलीकडे आधी शांतता, मग हसू.

"पार्कात पायी? बाई, तिथं आमालेच पायी जाऊ देत नाही, तुमाले कोन जाऊ देते! आनं आता तं गेटच बंद आहे. ऑक्टोबरात उघडते."

मामाचं बरोबर होतं. तुमसरच्या दक्षिणेला नागझिरा आहे. ते अभयारण्य 1970 चं. त्याच्याही खाली नवेगावचं राष्ट्रीय उद्यान, 1975 चं, आणि नवेगावला तर अख्खा एक विशाल तलावच आहे. डिसेंबर 2013 मध्ये हे दोन्ही आणि आसपासची जंगलं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पण पावसाळ्यात तिथले कच्चे रस्ते चिखलात बसतात आणि 30 सप्टेंबरपर्यंत पर्यटन बंद असतं. नंतर उघडतं, तेव्हा तुम्ही जिप्सीत बसता, गाइड पुढे बसतो आणि ठरलेल्या जागा सोडून कुठेही उतरायचं नाही हा नियम. नियम योग्यच आहे, वाघाच्या घरात आपण काय म्हणून उतरायचं? पण व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' किंवा मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचून मोठी झालेली कुठलीही मुलगी त्या जिप्सीत बसल्यावर थोडी रुसतेच. ही माणसं इथे पायी फिरली होती हो! चितमपल्ली तर वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिलेच. 2025 च्या जून महिन्यात सोलापूरला ते गेले, त्या आठवड्यात मी ते पुस्तक पुन्हा काढलं होतं. या प्लॅनच्या मुळाशी कुठेतरी तेही असणार.

"मग नको येऊ का?" मी विचारलं.

"या तं खरं. पार्क नाही, पन पानीच पानी दाखवतो."

तर, पोळा झाल्यानंतरचा शनिवार-रविवार ठरला. रूममेटने अप्रेझलच्या आधी सुट्टी मागू नये असं तिच्या मॅनेजरचं मत होतं. तिने तरी मागितली.

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली की एक रात्र आणि दुसरा जवळपास अख्खा दिवस गाडीत जातो. नागपूरनंतर डब्यातली गर्दी बदलते, भाषा बदलते, बाहेरची जमीन कापसाची काळी असते ती हळूहळू धानाची हिरवी होते. स्टेशनचं नाव तुमसर रोड, पण ते आहे देव्हाडीत. गाव चार-पाच किलोमीटर आत. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा एक फाटा आहे, तो या भागातल्या मॅंगनीजच्या पट्ट्यातून जातो. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण तुमसर तालुक्यातच आहे. तिथलं मॅंगनीज डायऑक्साइड ड्राय सेलसाठी वापरलं जातं. म्हणजे तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये जो सेल आहे त्यात आमच्या तालुक्याची थोडी माती असू शकते. ही माहिती मी रूममेटला फार अभिमानाने दिली. ती झोपली होती.

घरी पोचल्यावर मामा माझ्या पाया पडला. रूममेट बघतच राहिली. आमच्याकडे भाचा-भाचीच्या पाया मामा पडतो. उलटं नाही! तुम्हाला ऑफिसात कुणी विचारत नसेल तर भंडाऱ्यात मामा शोधा, सेल्फ-एस्टीम एकदम सेट. रात्री जेवायला चिन्नोरचा भात होता. 2023 मध्ये भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामीला त्याचं काही नाही, तिला तो बारीक, वासाचा तांदूळ पाहुण्यांसाठी वेगळ्या डब्यात ठेवायची सवय आधीपासून आहे. सोबत तलावातले झिंगे, कांद्यात परतलेले. बोलणं बंद.

पहिला धबधबा कुणी बांधला?

सकाळी साडेपाचला निघालो. मामाची जुनी व्हॅन, तिचं मागचं दार आतून दोरीने बांधलेलं. पायथ्याला गाडी लावून आधी अंबागड चढलो. हा किल्ला साधारण 1700 च्या सुमाराचा. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाचा सरदार राजाखान पठाण, त्याने बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात इथे कैदी ठेवत, आणि आतल्या विहिरीचं घाण पाणी पाजून त्यांना मारत असंही सांगतात. चढ तासाभराचाही नाही, सिंहगड रविवारी सकाळी करणाऱ्यांना तर घामही यायचा नाही. पण सप्टेंबरातला विदर्भ आहे हे विसरू नका. सकाळी सातला हवा अशी असते की टी-शर्ट पिळून काढावा.

वर पोचलो आणि रूममेट गप्प झाली. खाली धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे धुऱ्यांनी आखलेला धानाचा लहानसा चौकोन. अशा शेकडो, आणि प्रत्येकीचा हिरवा जरा वेगळा. मध्ये मध्ये पाणी. एक तलाव, त्याच्या खाली दुसरा, पलीकडे टेकडीच्या कुशीत तिसरा, एक अगदी लहान, खळग्याएवढा.

"किती आहेत?" ती म्हणाली. "आणि सगळे नॅचरल?"

मामा हसला. "नॅचरल यातला एकबी नाही, बाई. सारे हातानं केलेले."

इथे जरा थांबते, कारण मलाही हे नीट माहीत नव्हतं. मामा तलाव हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आणि बरीच वर्षं माझी प्रामाणिक समजूत होती की तो माझ्या मामाचा तलाव आहे. खरं नाव 'माजी मालगुजारी तलाव', त्याचं आद्याक्षरी रूप मा. मा. तलाव. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा जमीनदार. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हा भंडारा नागपूरसकट जुन्या मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले आणि नावात 'माजी' लागलं. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. सहा-सात हजार! त्यातले बरेच मालगुजारांच्याही आधीचे. गोंड राजांच्या आश्रयाने इथे कोहळी समाज वसला, त्यांची खासियत दोन, ऊस लावणं आणि तलाव बांधणं. नवेगावचा तो मोठा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी बांधला असं मानतात. इंजिनीअरिंगची डिग्री तर सोडाच, नकाशाचा कागदही हाताशी नसताना.

किल्ल्यावरून उतरून आम्ही यातल्याच एका तलावाच्या पाळीवर आलो. पाळ म्हणजे मातीचा बांध. दोन टेकड्यांच्या मधली अरुंद जागा बघायची, तिथे पाळ घालायची, पाण्याच्या बाजूने दगड लावायचे. पाऊस पडला की टेकडीवरचं पाणी आत जमतं. पाळीच्या खाली शेतं, त्यांना पाटाने पाणी सोडायचं. आणि जास्तीच्या पाण्याला पाळीच्या टोकाला एक वाट ठेवायची, सांडवा. हा सांडवा जिथे पडतो तिथून पाणी खालच्या गावच्या तलावात. तो भरला की त्याच्या खालच्यात. वरच्या गावाचं उरलेलं पाणी हा खालच्या गावाचा हक्क. क्रोएशियात हे काम चुनखडीने हजारो वर्षांत केलं. आमच्याकडे कुदळ-फावड्याने केलंय.

आठवडाभर पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे सांडवा जोरात होता. दोन-अडीच पुरुष उंचीवरून रुंद, तपकिरी पाणी दगडांवर आपटत होतं, आवाज असा की ओरडून बोलावं लागत होतं. गावची सहा-सात पोरं खाली जाळी लावून उभी होती, वर चढू बघणारे मासे थेट जाळ्यात. रूममेटने बूट काढले, पाय पाण्यात टाकले आणि जाहीर केलं, "धबधबा नंबर वन!" तो माणसांनी बांधलेला धबधबा आहे याने तिला काही फरक पडला नाही. मलाही नाही.

पाळीवरून चालणं हा प्रकार एकदा करून बघाच. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला तुमच्या पायाच्याही खाली धान, मधून तुम्ही. आंबा, जांभूळ, मोह यांची जुनी झाडं पाळीवर आहेत. पाण्यात कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत जातो, जणू ऑफिसात उशिरा आलाय आणि बॉसच्या केबिनसमोरून आवाज न करता जायचंय. चोचीला पिवळा-लाल रंग लागलेली ती हळदीकुंकू बदकं. नाव कुणी ठेवलं असेल, काय नजर असेल त्या माणसाची! सारस मात्र दिसला नाही. महाराष्ट्रात तो आता गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या पट्ट्यातच कसाबसा तग धरून आहे, मोजण्याइतकाच.

एका कोपऱ्यात मात्र पाणी दिसतच नव्हतं. गुलाबी फुलांचं बेशरमाचं रान माजलं होतं. फोटोला छान! मामा तिकडे बघून नुसताच थुंकला. मालगुजार होता तेव्हा दर उन्हाळ्यात गाळ काढायला गावाला लावायचा, कुणाला आवडो न आवडो. तलाव सरकारचे झाले, मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि गाळ कुणाचाच राहिला नाही. मालगुजार काही देवमाणूस नव्हता, मामाचे आजोबा त्याच्याकडे वेठीला राबले आहेत, त्यामुळे घरात त्याचं कौतुक कुणी करत नाही. तरी गाळ निघत होता हेही खरं. पलीकडे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजातली मंडळी मिळून तलाव परत जिवंत करताहेत. बेशरम उपटायचं, तळातली मूळची पाणवनस्पती पुन्हा लावायची, म्हणजे देशी मासा परत अंडी घालायला येतो. त्यात ढिवर बायका पुढे आहेत. मामाला हे मी सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडं कोन करल? मग थोडं चालल्यावर म्हणाला, त्यायचा फोन नंबर भेटल का?

ठसा

नऊच्या सुमाराला गायमुखला आलो. सातपुड्याच्या या टेकड्यांमधलं महादेवाचं ठिकाण, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पचमढीचा मोठा महादेव, तर हा लहान महादेव. एरवी शांत. झऱ्याचं पाणी बारमाही, गार. शेजारच्या नाल्याला पावसाळी धबधबे आहेत, खालचा सोपा, कुटुंबासकट लोक येतात. मामीने बांधून दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे आम्ही तिथेच संपवले. धबधबा नंबर टू, बिनधास्त भिजून झालं.

पण आम्हाला हवा होता नंबर थ्री. नाल्याच्या कडेने वर तासभर चाललं की एक कुंड आहे आणि त्यावर पडणारी एक धार, लहानपणी मामाने मला खांद्यावर बसवून नेलं होतं. तेवीस वर्षं झाली. त्या धारेचा आवाज मला पुण्यात कधी कधी झोपेत ऐकू येतो, खरंच. अख्खा प्लॅन मी त्या कुंडासाठी केला होता, रूममेटला सांगितलं नव्हतं इतकंच.

वाट बांबूतून जाते. मामा पुढे, हातात काठी. तो मध्येच खोटं खोटं खोकायचा, काठी बांबूवर आपटायचा. मला वाटलं सर्दी झालीय. वीसेक मिनिटं झाली असतील. नाला ओलांडायची जागा आली, तिथे ओल्या वाळूचा एक पट्टा होता. मामा थांबला. हात मागे करून आम्हालाही थांबवलं.

वाळूत ठसा होता. मग दुसरा. मग ओळच, नाल्यातून निघून आम्हाला जायचं होतं त्याच दिशेने वर गेलेली. मी माझा तळहात जवळ धरला, बोटं सोडून. ठसा मोठा होता. नखांची खूण नव्हती. आणि त्याच्या तळाशी पाणी अजून झिरपत होतं. मी बघत असतानाच तो हळूहळू भरत आला.

कुणी काही बोललं नाही. बांबूत एक पक्षी ओरडत होता तो ओरडतच होता. रूममेटचा हात माझ्या दंडावर होता, नंतर बघितलं तर वळ उठले होते.

"चला," मामा अगदी साध्या आवाजात म्हणाला. "परत जाऊ. पळू नोका. बोलत बोलत चाला."

काय बोलायचं? मी तेविसाचा पाढा म्हटला. हसू नका, दुसरं काही सुचलं नाही.

खाली आल्यावर मामाने वनरक्षकाला फोन केला, जागा सांगितली, दिशा सांगितली. त्या माणसाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. वाघाला पार्कची हद्द माहीत नसते. नागझिऱ्याचा 'जय' नावाचा वाघ 2013 मध्ये निघाला तो थेट उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन राहिला, मध्ये शेतं, रस्ते, गावं सगळं ओलांडून. 2016 च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसलेला नाही. इकडे नागझिरा, तिकडे पेंच आणि कान्हा, आणि तुमसरची जंगलं त्यांच्या मधल्या वाटेत. आम्हाला नॅशनल पार्कात पायी चालायचं होतं ना? कागदावर आम्ही पार्कच्या बाहेर होतो.

रस्त्याकडे येताना बांधीत आठ-दहा बायका धान निंदत होत्या. गुडघाभर चिखल, कमरेत वाकलेल्या, एकीच्या मोबाइलवर गाणी मोठ्याने. आम्ही जिथून परत फिरलो तिथून ही जागा फार तर पंधरा मिनिटांवर. मामाने धुऱ्यावरून ओरडून सांगितलं, नाल्यात ठसा आहे, ताजा. एक म्हातारी उभी राहिली, कंबर सरळ केली, डोंगराकडे बघितलं.

"कोनाकडं गेला?"

"वर."

"मंग जाऊ दे." आणि पुन्हा वाकली.

रूममेटला राहवलं नाही. तिने विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटते ना, बाई. पन धान कोन निंदल?" मग म्हणाली, गाणी त्याच्यासाठीच लावतो, आवाज राह्यला पायजे. एकटीनं येत नाही. आनं चार वाजले का घरी. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला जातो तेव्हा जास्त भेव, तेव्हा पहाटे अंधारात जावं लागते आनं खाली वाकून वेचावं लागते, वाकलेला मानूस त्याले जनावरावानी दिसते.

हे सगळं तिने हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

परतीच्या रस्त्यावर मामाने एका शेताचं कुंपण दाखवलं. रानडुकरं धान उद्ध्वस्त करतात म्हणून लोक अशा तारांमध्ये रात्री चोरून वीज सोडतात. डुक्कर मरतं, कधी बैल, कधी माणूस, कधी वाघही. 2025 च्या जानेवारीत तुमसरच्या जंगलात एक वाघ मेलेला सापडला, तुकडे केलेला. ती बातमी पुण्यात मी फोनवर स्क्रोल करता करता वाचली होती आणि एक रडका इमोजी टाकून पुढे गेले होते. मामा त्या दिवसांत गावातल्या चौकात बसत होता, आणि तिथे कुणालाही नीट रडताही येत नव्हतं आणि रागावताही येत नव्हतं. "वाघ बी आपला, धान बी आपला," तो म्हणाला आणि गिअर टाकला, तो पडला नाही, पुन्हा टाकला.

चांदपूर

दुपारी घरी जाऊन झोप काढली, तेवढं तर हवंच. चारनंतर चांदपूरला गेलो, सिहोऱ्याच्या बाजूला. ब्रिटिश अमलात बांधलेला हा जलाशय मामा तलावांच्या मानाने अवाढव्य, आणि टेकडीवर मारुतीचं प्रसिद्ध देवस्थान. शनिवार असल्याने ही गर्दी! नारळ, भजी, लाल-पिवळी फुगेवाली खेळणी, जोडपी, म्हाताऱ्या, टेम्पो भरून आलेली गावं. वरून पाण्याचा पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि त्यामागे सातपुडा. इथे ट्रेकिंगचे बूट घातलेल्या फक्त आम्ही दोघी, आणि सगळ्यांना आमचीच दया येत असावी.

रूममेटने दिवसभरात शंभरेक फोटो काढले होते. भजी खाता खाता त्यातला सांडव्याचा एक तिने ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. ऑनसाइटवाल्याचा लगेच मेसेज, "कुठलं पार्क? एंट्री फी किती?" तिने टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि शेवटी फोन पर्समध्ये टाकला. मला विचारलं, "ठशाचा फोटो काढला होतास का तू?" नव्हता काढला. तिनेही नव्हता.

रात्री वनरक्षकाचा फोन आला. दोन माणसं जाऊन आली होती, ठसे वरच्या कुंडापर्यंत गेले होते आणि पुढे दगडात हरवले. त्या बाजूला दोन दिवस कुणी जाऊ नये असं गावात सांगायला लावलं होतं. म्हणजे माझ्या कुंडावर त्या दिवशी तोच गेला. गेला असेल पाणी प्यायला.

रविवारी आमची गाडी होती. सकाळी सातला बॅगा भरून बाहेर आले तर मामा अंगणात नव्हता. मामी म्हणाली, पाटाचं पाणी सोडायची आज आपली पाळी, मामा पहाटेच शेतावर गेला. सोबत कोण? कोणी नाही, काठी नेली आहे, आनं रेडिओ. मी अंगणातच पायरीवर बसून राहिले. पावणेआठला तो आला, पाय चिखलाने भरलेले, रेडिओवर नागपूर केंद्राच्या बातम्या चालू. म्हणाला, "झाला का चहा? चला, गाडी चुकल."

जायचंय?

नागपूरहून रेल्वेने तुमसर रोड साधारण दीड-दोन तासांवर, तिथून तुमसर गावात ऑटो. भंडाऱ्याहून एसटी आहेच. अंबागड, गायमुख आणि चांदपूर तुमसरला मुक्काम करून एका दिवसात होतात, गाडी मात्र हवी. धबधब्यांसाठी ऑगस्ट ते सप्टेंबर, तलावांवरच्या पाहुण्या पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. नागझिरा-नवेगावची सफारी ऑक्टोबर ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, बुकिंग आधी करा, गेटवर उभं राहून हुज्जत घालू नका. गायमुखच्या पलीकडे जंगलात शिरायचं असेल तर आधी वनविभागाला विचारा, गावातला माणूस सोबत घ्या, आणि तो चला म्हणाला की चला. हेडफोन घरी ठेवा. तांदूळ तुमसरच्या बाजारातूनच घ्या, चिन्नोर मागा, आणि दोन किलो जास्तीचा घ्या. पुण्यात पोचल्यावर रूममेट अर्धा घेऊन जाईल. माझी घेऊन गेली.